संगणकांतील बांडगुळें, किडे आणि मायावी पाहुणे

हल्लीं घरांतील संगणक मंद चालूं लागला, मोबाईल उगाच तापूं लागला, किंवा पडद्यावर नको त्या जाहिराती येऊं लागल्या, कीं लहानथोर मंडळी एकच निदान करून मोकळी होतात : "व्हायरस शिरला." मग धाकटा पुतण्या कोठून तरी एक प्रतिबंधक आज्ञावली आणून बसवितो, वडीलधाऱ्यांच्या जिवांत जीव येतो, आणि त्या यंत्राला नेमकें काय झालें होतें हा प्रश्न कोणाच्याहि मनांत उरत नाहीं. एके काळीं अंग तापलें कीं "ताप आला" एवढ्यावरच भागत असे, त्यांतलाच हा प्रकार होय.

ताप कसला हें न कळल्यानें केवढा अनर्थ होतो, तें पुणेकरांनीं तरी विसरूं नये. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला, तेव्हां सरकारनें घरें धुतलीं, सामानसुमान जाळलें, माणसें इस्पितळांत व छावण्यांत नेऊन टाकलीं. परंतु रोग कोणत्या वाटेनें चालत येतो हें धुणारांस ठाऊक नव्हतें आणि ज्यांचीं घरें धुतलीं त्यांसहि नव्हतें. पुढच्याच वर्षीं कराचीस पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरची पिसू हें त्या रोगाचें वाहन असल्याचें दाखवून दिलें. १८९७ च्याच ऑगस्ट महिन्यांत सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांना डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले. दोन्ही तापच, पण एकासाठीं उंदीर मारावयाचे, आणि दुसऱ्यासाठीं डबकीं बुजवावयाचीं. हिंवतापाच्या रोग्याच्या घरीं शंभर उंदीर मारले म्हणून त्याचा ताप उतरत नाहीं. आमच्या मतें संगणकाच्या रोगांविषयीं आपलीं सुशिक्षित घरें अद्यापि १८९७ सालांतच आहेत. आणि म्हणूनच ह्या महिन्यांत त्या रोगांचीं नांवें व कुळें थोडीं नीट लावून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

यंत्राच्या मालकाच्या इच्छेविरुद्ध किंवा नकळत त्याचें अहित करण्यासाठीं लिहिलेल्या सर्व आज्ञावल्यांना मिळून 'मालवेअर' असें नांव आहे. त्यांतला 'माल' आपल्या बाजारांतला नव्हे. 'वाईट' ह्या अर्थाचा तो लॅटिन कुळींचा उपसर्ग आहे. विषाणु, म्हणजे व्हायरस, हा ह्या मोठ्या खटल्यांतला केवळ एक भाऊ. आणि गंमत अशी कीं ज्याच्या नांवानें आपण सर्वांना हांक मारतों तो अस्सल विषाणु आजकाल घरगुती यंत्रांत क्वचितच भेटतो. हा घोटाळा सामान्य माणसांनींच केला आहे असेंहि नाहीं. आपला माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आला. त्याच्या ४३ व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत 'संगणक दूषक' आणि 'संगणक विषाणु' अशा दोन निरनिराळ्या व्याख्या आहेत. परंतु विषाणूची व्याख्या करतांना, यंत्राची हानि करणारी 'किंवा' दुसऱ्या साधनास स्वतः चिकटणारी आज्ञावली, असा एक 'किंवा' घालून कायदेपंडितांनीं दार इतकें रुंद केलें आहे कीं त्यांतून सारें खटलेंच्या खटलें आंत यावें. कायद्याला तें सोयीचें आहे. चोर खिडकींतून आला काय आणि दारांतून आला काय, शिक्षा तीच. घरधन्याला मात्र तेवढ्यानें भागत नाहीं; कडी कोठें लावावयाची हें त्याला ठरवावयाचें असतें.

ह्या विषयांत गोंधळ होण्याचें खरें कारण असें कीं, प्रचारांत असलेलीं नांवें दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. हा आंत आला कसा, हा एक प्रश्न. आणि आंत येऊन करतो काय, हा दुसरा. एखादे गृहस्थ गोत्रानें कौशिक असतात आणि धंद्यानें वकील. संकल्प सांगतांना भटजींनीं गोत्र विचारलें असतां "वकील" असें कोणी सांगत नाहीं, आणि कचेरींत धंदा विचारला असतां "कौशिक" असें कोणी लिहीत नाहीं. विषाणु, किडा व ट्रोजन हीं तीन नांवें गोत्राचीं आहेत. खंडणीखोर, हेर, वेठबिगारी हीं धंद्याचीं आहेत. वर्तमानपत्रांत "हा विषाणु नव्हे, रॅन्समवेअर आहे" असें वाक्य वाचलें कीं आम्हांस हंसूं येतें, कारण तें "हे कौशिक नव्हेत, वकील आहेत" असें म्हणण्यासारखें आहे.

आधीं गोत्रें पाहूं. विषाणु म्हणजे बांडगूळ. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढतें, त्याचें मूळ जमिनींत नसतें. झाडाचा रस तोच त्याचा रस, आणि झाड जाईल तेथेंच तें जाणार. विषाणूची आज्ञावली स्वतंत्रपणें चालूं शकत नाहीं. ती दुसऱ्या एखाद्या भल्या आज्ञावलीच्या अंगाला चिकटते आणि तिचा आरंभ असा बदलते कीं, मालकानें ती भली आज्ञावली सुरू केली असतां प्रथम विषाणूचें काम व्हावें, त्यानें आणखी दोनचार ठिकाणीं आपल्या प्रती चिकटवाव्या, आणि मगच मूळ काम पुढें चालावें. मालकाला आपलें काम झालेलें दिसतें. त्यामुळें त्याला संशय येत नाहीं. 'व्हायरस' हें नांव ह्या प्रकाराला मिळालें त्याची हकीकत अशी : दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत शिकत असतां फ्रेड कोहेन ह्यांनीं १९८३ सालच्या नोव्हेंबरांत अशी एक आज्ञावली मुद्दाम लिहून, परवानगी काढून, तिचे प्रयोग केले, त्यांचे अध्यापक लेनर्ड एडलमन ह्यांनीं तिला हें नांव सुचविलें. पुढें ह्याच कोहेननीं असेंहि सिद्ध करून दाखविलें कीं, जगांतील यच्चयावत् विषाणु न चुकतां ओळखील अशी आज्ञावली लिहिणें तत्त्वतःच अशक्य आहे. शंभर टक्के संरक्षणाची हमी देणाऱ्या जाहिराती वाचतांना वाचकांनीं हा सिद्धान्त जवळ ठेवावा.

प्रयोगशाळेबाहेर सर्वत्र फिरलेल्या पहिल्यावहिल्या विषाणूंपैकीं एक आपल्या शेजारींच जन्मला. १९८६ सालीं लाहोरांत संगणकाचें दुकान चालविणाऱ्या बासित व अमजद अल्वी ह्या दोघां भावांनीं 'ब्रेन' नांवाचा विषाणु लिहिला, आणि त्यांत आपलें नांव, दुकानाचा पत्ता व टेलिफोन क्रमांकहि घातला. आपल्या आज्ञावलीच्या चोरट्या प्रती कोण काढतो हें कळावें एवढाच आपला हेतु होता, असें त्यांचें म्हणणें. फ्लॉपी तबकडीचा जो पहिला भाग यंत्र सुरू होतांना वाचला जातो, तेथें हा विषाणु जाऊन बसे व मूळचा मजकूर दुसरीकडे हलवी. आणि कोणी त्या पहिल्या भागाची तपासणी करूं लागलें तर त्याला तो हलविलेला मूळ मजकूरच पुढें करून दाखवी. एवढी लबाडी करणाऱ्यानें दारावर स्वतःच्या नांवाची पाटी लावावी, ह्याला काय म्हणावें !

त्या काळीं तबकड्यांची देवघेव हीच रोगाची वाट होती. १९९१ सालीं आढळलेला 'मायकेलँजेलो' नांवाचा विषाणु असाच तबकड्यांवरून फिरत असे आणि ६ मार्च रोजीं, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशीं, यंत्रांतील माहितीवर बोळा फिरवीत असे. १९९२ च्या ६ मार्चला लाखों यंत्रें बंद पडणार म्हणून वर्तमानपत्रांनीं केवढा गहजब केला; प्रत्यक्षांत त्या मानानें फारच थोडीं बुडालीं. पुण्यांत हिशेबाचीं यंत्रें दुरुस्त करण्याचा धंदा करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधु संजय काटकर ह्यांनीं विषाणूंवर तोडगा लिहावयास सुरुवात केली ती ह्याच दशकांत, आणि त्यांतूनच पुढें 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली.

किड्याचें गोत्र निराळें. धान्याच्या डब्यांत टोके होतात, त्यांना कोणाच्या अंगाला चिकटावें लागत नाहीं. फट सांपडली कीं ते एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत आपल्या पायांनीं जातात. 'वर्म', म्हणजे किडा, ह्या आज्ञावलीला आश्रयदात्याची गरज नाहीं, आणि जातिवंत किड्याला मालकाच्या बोटाचीहि गरज नाहीं. यंत्र नुसतें चालूं असावें, जाळ्याला जोडलेलें असावें आणि त्यांत एखादी फट असावी, एवढें त्याला पुरतें. हें नांव जॉन ब्रनर ह्यांच्या १९७५ सालच्या एका इंग्रजी कादंबरीवरून आलें आहे. परंतु ह्या जातीची दहशत काय असूं शकते तें जगाला कळलें १९८८ सालीं.

त्या वर्षीं २ नोव्हेंबरच्या सायंकाळीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट टॅपन मॉरिस ह्या विद्यार्थ्यानें एक लहानशी आज्ञावली मॅसॅच्युसेट्स येथील एका यंत्रावरून इंटरनेटवर सोडली. त्या वेळीं साऱ्या इंटरनेटवर मिळून सुमारें ६०,००० यंत्रें होतीं; त्यांतल्या सुमारें ६,००० यंत्रांना तिनें ग्रासलें असा तेव्हांचा अंदाज होता. टपालाच्या आज्ञावलींत राहिलेली एक चूक, दुसऱ्या एका सेवेंतील एक चूक, आणि लोकांनीं निवडलेले सोपे सोपे परवलीचे शब्द, ह्या तिच्या वाटा होत्या. तिनें कोणाची एक ओळहि पुसली नाहीं, कीं कोणाची दमडीहि चोरली नाहीं. मग यंत्रें बसलीं कशानें ? प्रत्येक नव्या यंत्रावर "माझा भाऊबंद येथें आधींच आहे काय ?" असें विचारण्याची तिला शिकवण दिलेली होती. पण एखाद्या हुशार यंत्रचालकानें खोटेंच "आहे" म्हणून सांगितलें तर, अशी मॉरिसला शंका आली. म्हणून त्यानें अशी तजवीज केली कीं, होकार आला तरी सातांतून एकदां तिकडे लक्ष न देतां तेथें ठाण मांडावें. सातांतून एक हें प्रमाण कागदावर लहान दिसतें. प्रत्यक्षांत एकेका यंत्रावर इतक्या प्रती जमल्या कीं, त्यांच्या गर्दींत त्या यंत्राला स्वतःचें काम करावयास उसंत उरली नाहीं. मॉरिसचे वडील स्वतः अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेंत ह्याच विषयाचे जाणते अधिकारी होते, हा ह्या प्रकरणांतला दैवदुर्विलास. १९९० सालीं मुलाला दोषी ठरवून तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. पुढें तोच मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत प्राध्यापक झाला. ह्या गोष्टींत आम्हांस सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखें वाटतें तें हें कीं, किड्याचा धंदा कांहींहि नसला, नुसतें गोत्रच असलें, तरी तो घर बसवूं शकतो.

तिसरें गोत्र ट्रोजनचें. ग्रीकांनीं लांकडी घोडा ट्रॉयच्या वेशीपुढें ठेवला, आणि ट्रॉयच्या लोकांनीं तो आपल्याच हातांनीं नगरांत ओढून नेला, ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. पण त्यासाठीं ग्रीस देशापर्यंत जावयास नको. पंचवटींत रावण संन्याशाच्या वेषानें आला, आणि अतिथीला विन्मुख पाठवूं नये ह्या सद्भावनेनेंच सीतामाई बाहेर आल्या. ट्रोजन आज्ञावली कोणाला चिकटत नाहीं आणि बहुधा आपण होऊन पसरतहि नाहीं. ती उपयुक्त किंवा मोहक वस्तूचें रूप घेऊन दारांत उभी राहते आणि वाट पाहते. दार आपणच उघडतों. म्हणून 'ट्रोजन व्हायरस' हा जो शब्द सर्रास छापला जातो तो आम्हांस दोन गोत्रें एकत्र सांगण्यासारखा वाटतो.

गोत्र आणि धंदा वेगवेगळे कसे, हें दाखविणारें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं : १९८९ सालच्या डिसेंबरांत एड्सविषयीं माहिती देणाऱ्या सुमारें २०,००० तबकड्या लंडनहून टपालानें अनेक देशांतील लोकांना पाठविण्यांत आल्या. त्या काळीं त्या रोगाची भीति मोठी, माहिती थोडी. लोकांनीं विश्वासानें तबकड्या यंत्रांत घातल्या. आंत खरोखरच प्रश्नोत्तरें होतीं. पण त्याबरोबर एक गणक गुपचूप चालूं होई. यंत्र सुमारें नव्वद वेळां सुरू झालें कीं सर्व फाईलींचीं नांवें गुप्त लिपींत जात, आणि पनामा देशांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा असा हुकूम उमटे. ह्याचा कर्ता म्हणून जोसेफ पॉप ह्या प्राणिशास्त्रज्ञास पकडण्यांत आलें. त्याची मनःस्थिति खटला चालविण्यायोग्य नाहीं असें ठरून खटला मात्र पुढें गेला नाहीं. संगणक ओलीस धरून खंडणी मागण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. गोत्र ट्रोजनचें, धंदा खंडणीचा.

आतां त्याच धंद्यांतला दुसरा प्रसंग पाहा. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाच्या आज्ञावलीनें सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रें कुलुपबंद केलीं आणि प्रत्येकीं ३०० डॉलर मागितले. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ विभागांपैकीं निदान ८० विभागांचें काम विस्कळित झालें, रोग्यांना परत पाठवावें लागलें. येथें कोणी तबकडी घातली नव्हती, कीं कोणा कारकुनानें नको तें पत्र उघडलें नव्हतें. विंडोजमधील एका फटींतून ती आपण होऊन एका यंत्रांतून दुसऱ्यांत सरकत गेली. आणि ती फट बुजविणारी डागडुजी मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, देऊन ठेवली होती. धंदा तोच खंडणीचा, गोत्र किड्याचें. १९८९ च्या प्रसंगीं डागडुजीचा कांहीं उपयोग झाला नसता. २०१७ च्या प्रसंगीं कितीहि सावध माणूस यंत्रापुढें बसवला असता तरी उपयोग झाला नसता. "रॅन्समवेअरवर उपाय काय ?" असा नुसता प्रश्न ज्यांना अपुरा वाटत नाहीं, त्यांनीं हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

धंद्याचेंहि सोंग घेतां येतें. वॉनाक्रायनंतर दीड महिन्यानें, २७ जून २०१७ रोजीं, युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या डागडुजींतूनच 'नॉटपेट्या' बाहेर पडली. तिनेंहि पडद्यावर खंडणी मागितली. परंतु कुलूप उघडण्याची किल्ली देण्याची सोयच तिच्यांत नव्हती. ती खंडणीखोर नव्हतीच, विध्वंसक होती. मर्स्क ह्या जहाज कंपनीचे जगभरचे व्यवहार तिनें बंद पाडले, आणि उरणजवळ न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्याच समूहाचा धक्काहि अडला. पेट्या कोठल्या कोठें ठेवावयाच्या हें सांगणारें यंत्रच आंधळें झालें. जी डागडुजी किड्यावर रामबाण म्हणून आम्ही वर सांगितली, तीच येथें विषाचें भांडें झाली, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तरीहि अशा प्रसंगांच्या मानानें न बुजविलेल्या फटींतून झालेल्या घातांची संख्या फार मोठी आहे. डागडुजी टाळण्यास हें निमित्त होऊं शकत नाहीं.

बाकीचे धंदे थोडक्यांत सांगतां येतील. हेर तुमच्या बोटांखालचें प्रत्येक अक्षर टिपून दुसरीकडे पाठवितो. हा धंदा करणारा नेहमींच दूरचा चोर असतो असें समजूं नये. नवऱ्यानें बायकोच्या किंवा घरच्यांनीं तरुण मुलीच्या मोबाईलवर अशी आज्ञावली गुपचूप बसविल्याचे प्रकार सर्व देशांत घडतात, आणि त्याला काळजी असें गोंडस नांव देण्यांत येतें. आमच्या मतें तो उघड उघड हेरगिरीचाच गुन्हा आहे. वेठबिगारी करणाऱ्या आज्ञावल्या तुमचें कांहींच नेत नाहींत. तुमचें यंत्र मात्र धन्याच्या हुकमानें तिसऱ्याच्या दारावर दगड मारावयास वेठीस धरतात. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या किड्यानें घरोघरचे कॅमेरे आणि इंटरनेटच्या पेट्या अशा वेठीस धरल्या. त्याची युक्ति काय होती ? कारखान्यांतून येतांना जे परवलीचे शब्द घातलेले असतात, त्यांतले साठेक शब्द तो एकामागून एक म्हणून पाहत असे. दिंडीदरवाजावर कॅमेरा बसवून निश्चिन्त झालेल्या किती कुटुंबांनीं तो मूळचा शब्द बदलला आहे, हें ज्याचें त्यानें पाहावें. आणि ज्या यंत्रावर हल्ला करावयाचा तें आधींच ठरलेलें असतें, तेथें पसरण्याचा प्रश्नच नसतो : पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून ऑगस्ट २०१८ मध्यें सुमारें ९४ कोटी रुपये गेले, ते अशाच एका आज्ञावलीच्या साह्यानें. पैसे द्यावे कीं नाहीं हें ठरविणाऱ्या बँकेच्या यंत्राच्या जागीं दुसराच तोतया उभा करण्यांत आला, आणि २८ देशांतील यंत्रांतून रोकड निघत राहिली.

'रूटकिट' हें नांव मात्र गोत्राचेंहि नव्हे आणि धंद्याचेंहि नव्हे. तो बुरखा आहे. यंत्राच्या अगदीं मुळाशीं बसून इतरांच्या दृष्टीआड राहण्याची ती विद्या; लाहोरच्या ब्रेनला तिचा पहिला पाठ येत होता असें म्हणतां येईल. २००५ सालीं सोनी बीएमजी ह्या कंपनीनें गाण्यांच्या कांहीं तबकड्यांत प्रती काढण्यास बंदी करण्यासाठीं असाच बुरखा घालून ठेवल्याचें उघडकीस आलें. तेव्हां बुरखा घालणारा चोरच असतो असेंहि नाहीं; प्रतिष्ठित सावकारहि असूं शकतो.

एवढा विस्तार ज्यासाठीं केला ती गोष्ट आतां सांगतों. आज आपल्यासारख्या घरांना सर्वांत मोठा धोका तिसऱ्या गोत्राचा आहे, आणि तो आजोबांच्या मोबाईलवर लग्नपत्रिकेच्या रूपानें येतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें हिमाचल प्रदेशाच्या सायबर पोलिसांनीं ह्याविषयीं लोकांस सावध केलें होतें. तेंच नाटक सर्वत्र चालूं आहे. व्हॉट्सॅपवर एक निमंत्रण येतें. पुष्कळदां तें खरोखरच्या नातेवाइकाच्या क्रमांकावरूनच येतें, कारण त्याचा मोबाईल आधींच हातचा गेलेला असतो. फाईलच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं तीन अक्षरें असतात. तीं अक्षरें म्हणजे तें चित्र नव्हे, पत्र नव्हे. ती बसवावयाची आज्ञावली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. मोबाईल बिचारा अडवतो. अनोळखी ठिकाणाहून आलेली वस्तु बसवावी काय, म्हणून विचारतो. तुमचे संदेश वाचण्याची मुभा ह्या वस्तूस द्यावी काय, असेंहि विचारतो. पण पत्रिका आतेभावाच्या मुलीची असते, आणि निमंत्रण न उघडणें म्हणजे अपमान. तेव्हां आजोबा प्रत्येक प्रश्नाला "होय" म्हणत जातात. मग बँकेकडून येणारा एकवेळचा परवलीचा आंकडा त्यांच्या आधीं चोराला कळूं लागतो.

खरी पत्रिका वाचावयाची असते. ती बसवावी लागत नाहीं. चित्र, चलच्चित्र किंवा पीडीएफ ह्यांपैकीं कांहीं उघडतांना मोबाईल "बसवूं काय ?" असें विचारीत नाहीं, आणि लग्नाच्या निमंत्रणाला तुमचे संदेश वाचण्याचें कांहीं कारण नाहीं. ही एक खूण घरांतल्या प्रत्येकाला, स्वयंपाकाच्या बाईपासून पणजोबांपर्यंत, शिकवितां येते, आणि ती शिकण्यास संगणक यावा लागत नाहीं. प्रतिबंधक आज्ञावली असूं द्यावी. पण धन्यानेंच स्वहस्तें दार उघडून पाहुण्यास आंत घेतलें, तर राखणदार किती वेळ भुंकणार?

ह्यापुढची अडचण यंत्राची नसून घराची आहे. ज्या घरांत चूक सांगितली कीं सर्वांदेखत बोलणीं बसतात, त्या घरांत पहिला तास लपविण्यांत जातो. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला आपण फसलों हें नातवापुढें कबूल करणें जड जातें. तो गप्प बसतो, मोबाईल बंद करून पुन्हां चालूं करतो, आणि सकाळपर्यंत निवृत्तिवेतनाचें खातें रितें होतें. फसवणारे ह्या गप्प बसण्यावरच विसंबून असतात. तेव्हां सुनांनीं, मुलांनीं आणि नातवांनीं वडीलधाऱ्यांस आजच, कांहीं घडलेलें नसतांना, सांगून ठेवावें कीं असें झालें तर तत्क्षणीं हांक मारा, कोणी एक शब्दहि बोलणार नाहीं. आणि मग खरोखरच बोलूं नये.

तसें घडलेंच, तर प्रथम त्या मोबाईलचें इंटरनेट तोडावें, किंवा त्यांतलें सिमकार्डच काढून घ्यावें. बँकेला दूरध्वनि करावयाचा तो दुसऱ्या मोबाईलवरून; कारण पहिल्याचे संदेश व प्रसंगीं आलेले फोनहि चोराकडे वळविलेले असूं शकतात. खातें गोठवून घ्यावें आणि लगेच १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वीं तक्रार पोंचली तर ते अडविले जाण्याचा संभव असतो. परवलीचे सर्व शब्द बदलावे, तेहि दुसऱ्याच यंत्रावरून. पुढें मोबाईल कारखान्यांतून आल्यासारखा कोरा करून घ्यावा लागेल. त्या वेळीं कुलवृत्तान्ताचीं टिपणें आणि नातवंडांचे फोटो आधींच दुसऱ्या तबकडीवर उतरवून, ती तबकडी यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवलेली असली म्हणजे जीव हळहळत नाहीं. ज्या क्रमांकावरून पत्रिका आली त्या नातेवाइकासहि साधा फोन करून कळवावें, कारण आपल्या नांवानें निमंत्रणें फिरत आहेत ह्याचा त्याला बहुधा पत्ताच नसतो. पत्रिकेचा तो निरोप मात्र रागाच्या भरांत पुसून टाकूं नये. पोलिसांस पुराव्यासाठीं त्याचें चित्र लागतें, तें कोरा करण्यापूर्वींच काढून ठेवावें.